परळचा मुक्काम

परळच्या टाटा रुग्णालयाची गोष्ट एका लांबच्या प्रवासापासून सुरू होते. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई यांना रक्ताचा कर्करोग झाला आणि १८ जून १९३१ रोजी वेल्समधल्या एका नर्सिंग होममध्ये त्या वारल्या. पुढच्याच वर्षी दोराबजीही जर्मनीत वारले. त्यांच्या नावाच्या ट्रस्टने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला ऐंशी खाटांचं रुग्णालय उघडलं. आपल्याकडच्या माणसाला या दुखण्यासाठी सातासमुद्रापार जावं लागू नये, हा त्यामागचा हेतू आणि तो खराही झाला. पण हा देश मोठा. वेल्सचा प्रवास टळला आणि दरभंग्याहून, कूचबिहारहून, गडचिरोलीहून, मालवणहून परळचा प्रवास सुरू झाला. रुग्णालयांच्या स्मरणिकांमध्ये खाटांचा, यंत्रांचा, देणगीदारांचा इतिहास असतो. पेशंटबरोबर आलेलं माणूस रात्री कुठे झोपलं, त्याने भात कुठे शिजवला, याला त्यात पान नसतं. मला त्या पानाबद्दल लिहायचं आहे.

मी भोईवाड्यातल्या चाळीत वाढले आणि मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून नोकरी केली. माझ्या टेबलासमोरच्या बाकावर बाहेरगावची माणसं बसलेली असायची. त्यांचा पहिला प्रश्न आजाराविषयी क्वचितच असे. आजाराचं डॉक्टरांनी काय ते सांगितलेलं असायचं. प्रश्न असायचा, "बाई, राहायचं कुठं?" माझं ठाम मत आहे की हा प्रश्न उपचारांच्या बाहेरचा नाही. शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही माणसं अर्धे उपचार टाकून गावी गेलेली मी पाहिली आहेत. ती निष्काळजी नव्हती. त्यांच्याजवळचे मुक्कामाचे पैसे संपले होते, एवढंच.

परळ हा तसा गव्हर्नरसाहेबांचा परिसर. त्यांचा बंगला इथे होता. १८८० च्या दशकात एका गव्हर्नरच्या पत्नीला याच बंगल्यात पटकीने मृत्यू आला आणि लवकरच गव्हर्नरांचा मुक्काम मलबार हिलला हलला. प्लेगच्या साथीत बंगल्याचं रुग्णालय झालं, १८९९ मध्ये हाफकिन यांची प्रयोगशाळा तिथे आली. भोवती गिरण्या आणि गिरण्यांभोवती चाळी उभ्या राहिल्या. १९२६ मध्ये केईएम रुग्णालय आणि त्याला जोडलेलं गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. देणगीदारांची अट होती की इथे शिकवणारे डॉक्टर भारतीयच असावेत. त्याच वर्षी वाडियांचं प्रसूतिगृह आणि १९२९ मध्ये मुलांचं रुग्णालय आलं. म्हणजे टाटा रुग्णालय उघडलं तेव्हा परळ ही आधीच दवाखान्यांची वस्ती झालेली होती. या सगळ्यांच्या आराखड्यात पेशंटला खाट होती. सोबतच्या माणसाला मात्र भेटीची वेळ होती. संध्याकाळची घंटा झाली की सिस्टर वॉर्ड रिकामा करायची, बाईमाणूस असेल तर एकीला खाटेशेजारी खाली बसू द्यायची, आणि बाप्यांनी जिना उतरायचा. जिना उतरल्यावर पुढे काय, याची जबाबदारी कोणाचीच नव्हती.

परळला ही रुग्णालयं येण्याआधीच्या काळात मुंबईला औषधपाण्यासाठी येणं म्हणजे बहुतेक भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात येणं. ते १८४५ पासूनचं. बोरघाटातून आगगाडी १८६३ मध्ये सुरू झाली, तेव्हा देशावरच्या माणसाला हा रस्ता खुला झाला. कोकणातल्या माणसाचा रस्ता समुद्रातून होता. वेंगुर्ला, मालवण, देवगड, रत्नागिरी अशा बंदरांवरून आगबोटीने भाऊच्या धक्क्याला उतरायचं. पावसाळ्यात बोटी बंद. त्यामुळे दुखण्याचं गणित ऋतूवर बसवावं लागे. वैशाखात लक्षात आलेली गाठ पावसाआधी मुंबईला न्यायची, की नारळीपौर्णिमेनंतर बोट सुरू होईपर्यंत थांबायचं, याचा खल घराघरात व्हायचा. मोतीबिंदू थांबू शकतो, अंतर्गळ थोडाफार थांबतो. गाठ थांबत नाही. पण बोट तर नाहीच. कोकणच्या म्हाताऱ्या बायांकडून मी ऐकलेल्या हकिकतींमध्ये 'तेवढे चार महिने गेले नसते तर' हे वाक्य फार वेळा यायचं. कोकण रेल्वे पूर्ण रस्ताभर धावायला १९९८ उजाडलं, हे या संदर्भात आठवलं की जीव कळवळतो.

धक्क्यावर किंवा स्टेशनवर उतरल्यावर माणूस जायचा तो आपल्या गावच्या खोलीवर. गिरणगावात अनेक गावांनी मिळून खोल्या घेतलेल्या होत्या. ग्रामस्थ मंडळाची खोली. गिरणीत नव्याने लागलेला पोरगा तिथे वळकटी टाकायचा, ट्रंक भिंतीला लावायचा, खानावळीत जेवायचा. दिवसपाळीवाला उठला की त्याच्या जागेवर रातपाळीवाला झोपायचा. अशा जागेत गावाकडचा पेशंट आला तर त्याला नाही म्हणायची रीत नव्हती, आणि ही सोय फुकट होती असंही नाही. तिची किंमत कुणाच्या तरी झोपेत मोजली जायची. गोव्याच्या ख्रिस्ती मंडळींची हीच व्यवस्था धोबीतलावाच्या बाजूला होती. त्यांच्या गावोगावच्या कुडी. एकट्या जेर महाल इमारतीत कितीतरी गावांच्या कुडी होत्या. बोटीवर नोकरी शोधणाऱ्या खलाशांसाठी त्या मुख्यतः होत्या, पण त्या त्या गावचा माणूस कोणत्याही कामाने मुंबईत आला तर त्याला तिथे हक्काचा कोपरा मिळे, आणि दवाखाना हे त्यातलं मोठं काम. संध्याकाळी वेदीसमोर सगळ्यांनी मिळून प्रार्थना करायची, हा नियम पाहुण्यालाही लागू.

आमच्या घरी मात्र मंडळाची खोली नव्हती, आमचीच दहा बाय बाराची खोली होती. बाबा गिरणीत साचेखात्यात. गाव पाटण खोऱ्यातलं. गावाहून कार्ड यायचं. 'ती. तात्यांस सा. न. वि. वि. आक्काच्या पोटात गाठ सांगतात. कराडच्या डॉक्टरनं मुंबईला न्या म्हटलंय. सोमवारी रात्रीच्या एस. टी.नं निघतो, सकाळी परळला उतरू. घरात कळवावे.' परवानगी मागितलेली नसायची. कळवलेलं असायचं. बाबा पाळी बदलून घ्यायचे, पहाटे डेपोवर जायचे आणि आधी केईएमच्या केसपेपरच्या रांगेत एका पोराला उभं करून ठेवायचे, म्हणजे एस. टी. उतरेपर्यंत नंबर पुढे सरकलेला असे. अनेकदा तो पोरगा म्हणजे माझा भाऊ. शाळा बुडायची. कोण्या मोठ्या कचेरीने आखलेली नव्हती, तरी ही सगळी व्यवस्थाच होती. कार्ड किती दिवस आधी टाकायचं, गावाहून काय आणायचं, रांग कोणी धरायची, डबा कोणी न्यायचा, हे सगळं ठरलेलं होतं. पाहुणा येताना तांदूळ, हुलगे, चुलीवरचं तूप घेऊन यायचा, कारण रेशनवर जास्तीचं माणूस पोसणं जड आहे हे गावालाही ठाऊक होतं.

पेशंटला आई मोरीजवळची जागा द्यायची. ओकारी आली तर गॅलरीच्या टोकाच्या संडासापर्यंत जायला नको म्हणून. बाप्ये गॅलरीत झोपायचे. शेजारच्या बिऱ्हाडातली एक मावशी खानावळ चालवायची, गिरणीतली पंधरावीस माणसं तिच्याकडे जेवायला. ती पेशंटपुरती पेज वेगळी काढून ठेवायची आणि त्याचा हिशेब धरायची नाही. अशा खानावळवाल्या बायकांना कर्जाच्या फासातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. त्या कामाचा गौरव गिरणी कामगारांना पोसणाऱ्या बायका म्हणून होतो, आणि तो रास्तच आहे. मला त्यात एवढीच भर घालायची आहे की केईएमच्या वॉर्डांत जाणाऱ्या कितीतरी डब्यांमागेही याच बायका होत्या.

या सगळ्याला सोनेरी मुलामा द्यायची माझी इच्छा नाही. क्षयाचा पेशंट आला की चाळीत कुजबुज सुरू व्हायची, कपबशी वेगळी, बसायला पाट वेगळा. कर्करोगालाही लोक बिचकायचे, तो चिकटतो असं समजायचे. मुक्काम लांबला की घरात आवाज चढायचे. आणि सर्वांत मोठी गोष्ट, ही दारं नात्याच्या आणि गावाच्या माणसालाच उघडी होती. ज्याचा मुंबईत कोणी नाही, ज्याच्या जातीचं, गावचं, भाषेचं इथे एकही दार नाही, त्याचं काय? चाळीकडे त्याचं उत्तर नव्हतं.

आईचं माहेर तासगाव तालुक्यातलं. तिला मुंबईची ही तऱ्हा कधी पटली नाही, कारण तिने मिरज पाहिलेली होती. मिरजेचं मिशन हॉस्पिटल १८९४ चं. डॉ. विल्यम वानलेस हे मूळचे कॅनडाचे, अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे आलेले शल्यविशारद. संस्थानच्या अधिपतींनी जागा दिली. मिरज निवडण्यात रेल्वेचा वाटा मोठा होता. पुण्याची, कोल्हापूरची, बेळगाव-लोंढ्याकडची गाडी तिथे मिळायची, आणि लोंढ्याहून मार्मागोव्यापर्यंत रूळ असल्यामुळे गोव्याची माणसंही मिरजेला यायची. गावच जंक्शन असल्यामुळे परक्या पेशंटची सवय गावाला लागली. मुक्कामाला खोली देणं, भांडी देणं, सरपण विकणं, स्टेशनवरून टांग्याने आणणं यावर मिरजेत कितीतरी घरं चालली. कानडी बोलणारी माणसं आली म्हणून खोलीवाल्यांना कानडी येऊ लागलं. मिशनच्या रुग्णालयांना जातीपातीमुळे एक गोष्ट मान्यच करावी लागली होती, की पेशंटचं जेवण त्याच्या घरचं माणूस शिजवणार. म्हणून सोबतचं माणूस तिथे अडगळ नव्हतं. त्याला चूल मांडायला जागा होती, आणि उपचारांत त्याचं कामही होतं. जातीच्या बंधनातून का होईना, सोबत्याला जागा मिळाली ही गोष्ट मला विचार करण्याजोगी वाटते. पुढे १९२० मध्ये सांगलीच्या वाटेवर क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम निघालं. आज त्या भागाला वानलेसवाडी म्हणतात. तिथले मुक्काम तर महिन्यांच्या हिशेबात असत. आई म्हणायची, मिरजेत पेशंट आला की गाव विचारतं किती दिवस, आणि मुंबईत विचारतात कुणाचा कोण.

कुणाचा कोण हे न विचारता दार उघडणारा माणूस मुंबईला अखेर विदर्भाने दिला. गाडगेबाबा. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेले, शाळा न शिकलेले. कीर्तनातून जमलेल्या पैशातून त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथे धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. यात्रेकरूसाठी धर्मशाळा बांधणं ही आपल्याकडची जुनीच परंपरा, अहिल्याबाई होळकरांनी तर देशभर ते केलं. गाडगेबाबांनी त्यात जी भर घातली ती मला फार मोठी वाटते. त्यांनी यात्रेकरूच्या बरोबरीने रोग्याच्या नातेवाइकाला बसवलं. जे. जे. रुग्णालयाच्या शेजारी त्यांनी अशा लोकांसाठी धर्मशाळा उभी केली. रुग्णालयाच्या भिंतीला लागून जे माणूस उघड्यावर पथारी पसरून बसतं, त्याच्या डोक्यावर छप्पर घालणं हे देवळाच्या ओवरीइतकंच पुण्याचं काम आहे, असा त्याचा अर्थ होतो.  २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबा गेले. त्यांच्या नावाने दादर पूर्वेला जी धर्मशाळा पुढे उभी राहिली, ती आज प्रामुख्याने टाटा रुग्णालयाच्या पेशंटांची आहे. शेकडो माणसं एका वेळी तिथे राहतात, शुल्क नाममात्र. जिन्यात बंगाली ऐकू येतं, वरच्या मजल्यावर भोजपुरी.

या धर्मशाळेत शिरायचं ते चिठ्ठीवर. चिठ्ठीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण माझी नोकरी बरीचशी चिठ्ठ्या लिहिण्यात गेली. त्यावर पेशंटचं नाव, केसपेपरचा नंबर, कोणत्या विभागात उपचार, किती दिवस लागतील, सोबत कोण आणि नातं काय, खाली सही आणि शिक्का. दिसायला कपटा. पण तो हातात असला की माणूस या शहरात कोणीतरी आहे, नसला तर फुटपाथवरचा. यातली मेख अशी की चिठ्ठी मिळते फाइल झाल्यावर, आणि फाइल होते तपासण्या सुरू झाल्यावर. गावाहून थेट उतरलेल्या माणसाचे पहिले काही दिवस, जेव्हा त्याला काहीच उमगत नसतं, तेव्हाच त्याच्याजवळ चिठ्ठी नसते. फसवणूक होते ती याच दिवसांत. स्टेशनवर भेटलेला गोड बोलणारा माणूस, महागड्या लॉजची खोली, 'लवकर नंबर लावून देतो' म्हणणारे दलाल. घरची गाय विकून आणलेले पैसे सुईचं टोकही लागायच्या आत निम्मे होतात. म्हणून मी गावाकडच्या ओळखीच्या डॉक्टरांना सांगत असे, पेशंट धाडायच्या आधी कागद धाडा. गावच्या तपासण्यांचे अहवाल आणि काचपट्ट्या एका पिशवीत, ओळखपत्रं आणि रेशनकार्डाच्या चार-चार प्रती दुसऱ्या पिशवीत, आणि पेशंटबरोबर येणारं माणूस असं निवडा की जे महिनाभर राहू शकेल. पहिल्या दिवशी पाच जण येतात आणि चौथ्या दिवशी पेशंट एकटाच उरतो, हे फार वेळा होतं. आगगाडीत कर्करोगाच्या पेशंटला स्लीपर वर्गाचं भाडं पूर्ण माफ आहे आणि सोबत्यालाही मोठी सवलत, पण त्यासाठी ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. तो दाखला देऊ शकणारं रुग्णालय गाठायला पहिल्यांदा पूर्ण तिकीटच काढावं लागतं.

मुक्कामाचा प्रश्न इतका वाढला कसा, याचं उत्तर थोडं वैद्यकात आहे. आमच्या लहानपणी पेशंट म्हणजे खाटेवरचा माणूस. ऑपरेशन झालं, टाके निघाले, घरी. कर्करोगाच्या उपचारांत खाटेची गरज कमी आणि शहरात राहण्याची गरज जास्त असं होत गेलं. किरणोपचार म्हणजे आठवड्यातले पाच दिवस, असे पाच-सहा आठवडे, आणि रोजचं काम यंत्राखाली काही मिनिटांचं. त्यासाठी कोणी भरती करून घेत नाही, घेण्याचं कारणही नाही. केमोथेरपी दर तीन आठवड्यांनी, सकाळी सलाइन लावायचं आणि संध्याकाळी सोडायचं. वैद्यकाच्या दृष्टीने ही प्रगती. मुंबईत घर असलेल्याला तर वरदान. पण जळगावच्या किंवा गोरखपूरच्या माणसाने मधले वीस दिवस काय करायचं? जाऊन यायला भाडं नाही, राहायला जागा नाही, आणि पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असताना फुटपाथवरची धूळ, पावसाळ्यात हिंदमाताला तुंबणारं पाणी. रुग्णालयाने खाटेचा भार जसजसा हलका केला, तसतसा तो रस्त्यावर आला. ऐंशी खाटांच्या सहाशेहून अधिक खाटा झाल्या, वर्षाला साठ हजारांच्या वर नवे पेशंट येऊ लागले. कोणत्याही रुग्णालयाला एवढ्यांना आत ठेवता येणार नाही.

मग समाजातून एकेक हात पुढे आला. नाना पालकर हे संघाचे प्रचारक. त्यांच्या स्मृतीसाठी १९६८ मध्ये स्थापन झालेल्या समितीने परळला रुग्णसेवा सदन चालवलं. टाटा आणि केईएमच्या कितीतरी पेशंटांना तिथे जागा मिळते. गोव्याच्या उसकई गावचे डॉ. अर्नेस्ट बोर्जिस हे टाटा रुग्णालयाचे नावाजलेले शल्यविशारद, गरिबांचे डॉक्टर म्हणून लोकांच्या तोंडी राहिलेले. ज्या रस्त्यावर रुग्णालय आहे त्याला त्यांचं नाव आहे, आणि बाहेरगावच्या कर्करुग्णांसाठी वांद्र्याला जे निवासस्थान आहे, तेही त्यांच्याच नावाचं. २००६ पासून सेंट ज्यूड संस्थेची केंद्रं सुरू झाली, ती फक्त कर्करोग झालेल्या मुलांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी. तिथे प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र खोली आणि स्वयंपाकाला स्वतःचा ओटा असतो. शिधाही दिला जातो, पण शिजवते आई. केमोनंतर तोंडाची चव गेलेलं पोर आईच्या हातचा भात चार घास तरी खातं. हे ज्यांना सुचलं त्यांना मी मनापासून नमस्कार करते. मुलांच्या कर्करोगात उपचार अर्धवट सोडणं हे फार मोठं दुखणं होतं, आणि रक्ताच्या कर्करोगात उपचार दोन-अडीच वर्षं चालतात. जागा, जेवण, प्रवासखर्च यांची सोय लागत गेली तसं ते प्रमाण टाटा रुग्णालयात पुष्कळ खाली आलं. औषधं तीच होती.

चाळींचं काय झालं? १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि गिरणगावाच्या खिशातलं बळ गेलं. आमच्याच घरी त्या वर्षात एक चुलतमामा दाखवायला आला, तेव्हा आईने पहिल्यांदा 'आठ दिवसांत आटपेल का?' असं विचारलं. तिच्या तोंडून तो प्रश्न ऐकून बाबा जेवणावरून उठले होते. पुढे गिरण्या पडल्या, चाळी पाडून टॉवर झाले, गावमंडळाच्या खोल्यांचे वाटे झाले. टॉवरमध्ये वॉचमन नाव-गाव लिहून घेतो, आणि मुलाच्या ब्लॉकमध्ये पेशंट पाहुणा महिनाभर ठेवायचा म्हणजे सुनेला विचारावं लागतं. मी कोणाला दोष देत नाही. नोकरी करणाऱ्या दोघांच्या संसारात पेज करून डबा नेणारं घरात असतं कोण?

गिरण्यांच्या जमिनी मोकळ्या झाल्या तेव्हा परळला जागेचा प्रश्न कायमचा सोडवता आला असता, असं मला वाटतं. काही थोडं झालंही. २०२१ मध्ये राज्य सरकारने म्हाडाच्या वाट्याला आलेली शंभर घरं टाटा रुग्णालयाच्या पेशंटांच्या नातेवाइकांसाठी द्यायचं ठरवलं. आधी ठरलेल्या जागी तिथल्या रहिवाशांनी हरकत घेतली, निर्णयाला स्थगिती आली, आणि मग भोईवाड्यात बॉम्बे डाइंग मिलच्या जागेवर झालेल्या इमारतीत शंभर घरं द्यायचं ठरलं. हरकत घेणाऱ्यांची बातमी वाचून मी बराच वेळ अस्वस्थ होते. त्यात पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेली माणसं होती. त्यांच्याही आज्यांनी मोरीजवळ कोणासाठी तरी जागा केलेली असणार. पण त्यांचीही बाजू मी समजू शकते. आधीच्या काळी पाहुणा घरातल्या माणसाने बोलावलेला असायचा. इथे न विचारता शासनाने पाठवलेला. ओळख करून द्यायचं काम कोणीतरी करायला हवं होतं, ते झालं नाही.

दुसरा उपाय आहे तो माणूस हलवण्याऐवजी रुग्णालय हलवण्याचा. नर्गिस दत्त उपचारांसाठी न्यूयॉर्कला गेल्या होत्या, १९८१ मध्ये त्या वारल्या. त्यांच्या नावाचं कर्करोग रुग्णालय सोलापूर जिल्ह्यात बार्शीला १९८२ मध्ये उभं राहिलं. बार्शीत १९८७ मध्ये देशातली ग्रामीण भागातली पहिली कर्करोग नोंदणी सुरू झाली. परांडा, भूम, करमाळ्याच्या बाईला गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी आता मुंबईची एस. टी. धरावीच लागते असं राहिलेलं नाही. टाटा केंद्राची रुग्णालयं वाराणसीत, गुवाहाटीत, पंजाबात संगरूरला निघाली. तेवढी परळची गर्दी हलकी व्हायला हवी, आणि पुढे होईलही. पण अवघड शस्त्रक्रियेसाठी, दुर्मीळ कर्करोगासाठी, दुसऱ्या मतासाठी माणसं येतच राहणार. शिवाय वाराणसीच्या रुग्णालयातही बलियाचा माणूस मुक्कामालाच येणार. जंक्शन बदललं, इतकंच.

निवृत्तीनंतरही मला फोन येतात. पाटणहून, चिपळूणहून, एकदा तर एका जुन्या पेशंटच्या ओळखीने सिवानहून. मी आधी आजार विचारत नाही. गाडी कोणती, सोबत कोण येतंय आणि कागद कोणते आहेत ते विचारते. मग दादरच्या धर्मशाळेत आणि परळच्या सदनात जागा आहे का ते पाहते, आणि जागा नसेल तर तसं स्पष्ट सांगते, म्हणजे माणूस चार दिवसांचं भाडं हाताशी ठेवून निघतो. माझ्या जागी आलेली मुलगी चिठ्ठीवर आता सोबत्याचा मोबाइल नंबरही लिहून घेते. बाकी नमुना तोच आहे.